वाळूतून वाहणाऱ्या पाण्यात मीठ किती पसरते: नळीतल्या प्रयोगापासून भूजलाच्या मॉडेलपर्यंत

भूजलात कुठेतरी एखादे द्राव्य मिसळले की ते विहिरीपर्यंत केव्हा पोहोचेल आणि पोहोचेल तेव्हा त्याची संहती किती असेल, हे दोन प्रश्न लगेच उभे राहतात. पहिल्याचे उत्तर पाण्याच्या वेगावरून बऱ्यापैकी काढता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र द्राव्य वाटेत किती पसरले यावर ठरते, आणि नवख्या अभ्यासकाचे मॉडेल नेमके इथेच चुकते. समीकरण बहुधा बरोबर असते, पण आलेखात दिसणारे पसरणे नक्की कोणाचे, हे विचारायचे राहून गेलेले असते. ते वाळूचे असू शकते, प्रयोगाच्या नळ्यांचे असू शकते, संगणकातल्या जाळीचे असू शकते किंवा जमिनीचे जे थर आपण मॉडेलमध्ये घेतलेच नाहीत त्यांचे असू शकते. पुढे सांगितलेली रीत हा हिशेब वेगवेगळा ठेवण्यासाठी आहे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत जमेल असा प्रयोग आधी करावा, त्याचे मॉडेल स्वतःच्या हाताने लिहावे आणि मगच शेतजमिनीच्या किंवा कारखान्याच्या परिसराच्या मापाला हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समीकरण काय म्हणते

पाणी वाळूतून जाताना द्राव्याच्या बाबतीत तीन गोष्टी घडतात. पाणी त्याला आपल्या वेगाने सोबत नेते, याला वहन म्हणू. द्राव्याचे कण पाणी स्थिर असतानाही जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकतात, हे शाळेत शिकलेले विसरण होय. तिसरी गोष्ट सच्छिद्र माध्यमाची खास आहे. वाळूच्या कणांमधल्या वाटा एकसारख्या नसतात. छिद्राच्या मधोमध पाणी वेगाने जाते आणि कणाला लागून जवळजवळ थांबते, एखादी वाट रुंद आणि सरळ असते तर शेजारची अरुंद आणि वळशाची असते. त्यामुळे एकाच क्षणी आत शिरलेले मीठ वेगवेगळ्या वेळी बाहेर पडते. याला डिस्पर्शन म्हणतात, आपण विखुरण म्हणू.

प्रत्येक छिद्रातला वेग मोजणे शक्य नसल्यामुळे मॉडेलमध्ये एक तडजोड केलेली असते. सगळ्या पाण्याला एकच सरासरी वेग द्यायचा आणि त्या सरासरीपासूनची सारी तफावत जणू जोरदार विसरणच आहे असे मानायचे. म्हणून समीकरण असे वाचावे: एखाद्या जागी संहती ज्या दराने बदलते तो दर म्हणजे विखुरण गुणांक गुणिले संहतीच्या उताराचा अंतरानुसार होणारा बदल, वजा वेग गुणिले संहतीचा उतार. विखुरण गुणांक म्हणजे विखुरण-लांबी गुणिले वेग, अधिक विसरणाचा छोटासा वाटा. या विखुरण-लांबीलाच व्यवहारात डिस्पर्सिव्हिटी म्हणतात. तिचे एकक सेंटिमीटर किंवा मीटर असते, म्हणून लांबी हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. सरासरी वेग घेताना जे नजरेआड झाले त्याचा हा एक आकडा आहे, हे मनात पक्के असू द्यावे.

वेगाविषयी एक खबरदारी आधीच घ्यावी. हेन्री डार्सी यांनी फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात १८५६ साली वाळूच्या नळीवरचा जो नियम मांडला, त्यातून मिळणारा वेग म्हणजे एकक काळात वाहणाऱ्या पाण्याचे आकारमान भागिले नळीचे संपूर्ण क्षेत्रफळ. पाणी मात्र संपूर्ण क्षेत्रातून जात नाही, ते फक्त छिद्रांतून जाते. म्हणून द्राव्याचा वेग काढताना डार्सीच्या वेगाला सच्छिद्रतेने भागावे लागते. हा भागाकार विसरला तर द्राव्य पोहोचण्याचा काळ अडीचपट चुकतो.

नळी भरणे

५० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर अंतर्व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्यावी. ०.५ ते १ मिलिमीटरच्या चाळण्यांमध्ये अडकलेली वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी, कारण उरलेली माती आयनांची अदलाबदल करते आणि ज्या विद्युतवाहकतेवरून आपण मिठाची संहती मोजणार आहोत तिची नोंद बिघडवते. मग ती वाळू १०५ अंश सेल्सिअसला सुकवून तोलावी. भरताना आधी नळीत थोडे पाणी घ्यावे आणि वाळू त्या पाण्यात मूठमूठ सोडत, बाहेरून हलकेच ठोकत वर यावे. पाण्याची पातळी नेहमी वाळूच्या वर राहिली पाहिजे. कोरडी वाळू भरून नंतर पाणी सोडले तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि ते दिवसभर निघत नाहीत. पाणीही आधी उकळून गार केलेले घ्यावे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा नळीत सुटी होत नाही.

या नळीत १,६१० ग्रॅम वाळू मावली असे धरू. वाळूची घनता घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅम, म्हणून घन भाग ६०७.५ घनसेंटिमीटर आणि नळीचे एकूण आकारमान ९८२ घनसेंटिमीटर. यावरून सच्छिद्रता ०.३८ आणि छिद्रांतले पाणी ३७३ मिलिलिटर येते. पंप मिनिटाला ३ मिलिलिटर पाणी देत असेल तर डार्सीचा वेग मिनिटाला ०.१५३ सेंटिमीटर आणि छिद्रांतला वेग ०.४०२ सेंटिमीटर होतो. म्हणजे मिठाची आघाडी सुमारे १२४ मिनिटांनी वरच्या टोकाला यायला हवी. हा आकडा प्रयोगाच्या आधीच वहीत लिहून ठेवावा, कारण पुढची पहिली तपासणी त्यावरच होते.

पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत एकसारखा प्रवाह देणारा) नसेल तर सलाईनचा संच वापरण्याचा मोह होतो, पण बाटलीतली पातळी उतरते तसा प्रवाह मंदावतो आणि सगळा हिशेब सैल होतो. त्याऐवजी घट्ट बुचाची बाटली घेऊन बुचातून एक हवेची नळी तळाजवळपर्यंत सोडावी. हवा त्या नळीच्या टोकाशी आत येते आणि पाण्याचा दाब पातळी उतरली तरी तोच राहतो. काहीही वापरले तरी बाहेर पडणारे पाणी दर पंधरा मिनिटांनी तोलून प्रवाह पडताळावाच.

मिठाचे पाणी सोडणे

आधी साध्या पाण्याने वाहकता स्थिर होईपर्यंत नळी चालवावी आणि मग प्रवाह न थांबवता शुद्ध सोडियम क्लोराइडचे द्रावण जोडावे. संहती लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त ठेवू नये आणि प्रवाह खालून वर असावा. खारे पाणी किंचित जड असते. ते वरून सोडले तर गोड्या पाण्यात बोटांसारखे घुसते आणि दिसणारे पसरणे विखुरणाचे न राहता वजनाचे होते. खालून वर जाताना जड पाणी खालीच असल्यामुळे आघाडी सपाट राहते. याच कारणाने नंतर गोडे पाणी सोडून नळी धुतानाची नोंद मी विखुरण-लांबी काढण्यासाठी वापरत नाही.

वाहकता आणि संहती यांचा संबंध गृहीत धरू नये. त्याच मिठाची पाच-सहा द्रावणे करून स्वतःचा आलेख काढावा. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून मीटरमधली तापमानाची दुरुस्ती चालू आहे ना, हेही बघावे.

आता हिशेबातली एक जागा जवळून पाहू, कारण मी स्वतः तिथे एक आठवडा घालवला आहे. नळीच्या तोंडाशी मी एक छोटी कुपी ठेवली होती, तिच्यात साधारण २० मिलिलिटर पाणी असे आणि इलेक्ट्रोड तिच्यात बुडवलेला असे. वक्र सुबक यायचा, पण विखुरण-लांबी दर वेळी अपेक्षेहून मोठी निघायची. मी वाळू दोनदा बदलली. दोष कुपीत होता. २० मिलिलिटर पाण्यातून मिनिटाला ३ मिलिलिटर जात असेल तर पाणी त्यात सरासरी ६.७ मिनिटे घुटमळते, आणि कुपी ढवळली जात असेल तर तिचे स्वतःचे प्रमाण विचलनही ६.७ मिनिटेच असते. एकामागून एक जोडलेल्या भागांच्या विचलनांचे वर्ग बेरजेत येतात. वाळूचे विचलन ११ मिनिटे असेल तर तिचा वर्ग १२१, कुपीचा सुमारे ४४, बेरीज १६५. म्हणजे जवळपास ३६ टक्के जादा पसरणे हे वाळूचे नव्हतेच. तेव्हापासून मी इलेक्ट्रोड एक-दोन मिलिलिटरच्या प्रवाही कोषात बसवतो. जोडनळ्यांचेही तसेच आहे: ४ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत १२.६ मिलिलिटर पाणी बसते आणि तेवढ्यावरच चार मिनिटांहून अधिक उशीर होतो. तो वेळ वजा करावा.

वक्रावरून दोन आकडे

बाहेर येणारी संहती भागिले सोडलेली संहती असे गुणोत्तर वेळेसमोर मांडले की इंग्रजी एसच्या आकाराचा वक्र मिळतो, त्याला ब्रेकथ्रू वक्र म्हणतात. त्यावर गुणोत्तर ०.१६, ०.५० आणि ०.८४ होतानाच्या वेळा वाचाव्यात. समजा त्या ११३, १२४ आणि १३५ मिनिटे आहेत. मधली वेळ आधी लिहून ठेवलेल्या १२४ मिनिटांशी जुळते का ते पाहावे. ती बरीच आधी आली तर नळीत हवा अडकलेली आहे किंवा पाणी भिंतीलगत वाट काढत आहे, आणि अशी नळी पुन्हा भरण्याला पर्याय नाही. आकडे जुळवून ती सुधारत नाही.

टोकाच्या दोन वेळांतील अंतराचा निम्मा भाग म्हणजे प्रमाण विचलन, इथे ११ मिनिटे. विखुरण-लांबी म्हणजे नळीच्या लांबीचा निम्मा भाग गुणिले विचलन आणि मधली वेळ यांच्या गुणोत्तराचा वर्ग. २५ × (११ ÷ १२४)² केले की ०.२० सेंटिमीटर येतात, म्हणजे कणाच्या व्यासाच्या दोन-चार पट, जे एकसारख्या वाळूला साजेसे आहे. विखुरण गुणांक ०.२० × ०.४०२, म्हणजे मिनिटाला ०.०८ वर्ग सेंटिमीटर झाला. सच्छिद्र माध्यमात मिठाचे निव्वळ विसरण मिनिटाला सुमारे ०.०००६ वर्ग सेंटिमीटर असते, तेव्हा या वेगाला त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी आहे. वेग शंभर-दोनशे पटींनी कमी केला तर मात्र चित्र बदलते. त्या स्थितीत विसरण वगळून चालत नाही.

मॉडेल लिहिणे

पायथनमध्ये हे मॉडेल चाळीस ओळींत लिहून होते. नळीचे समान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची संहती एका यादीत ठेवायची आणि वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे जायचे. खालच्या टोकाला आत येणाऱ्या द्राव्याचा ओघ ठरवून द्यावा, म्हणजे वेग गुणिले सोडलेली संहती ही वहन आणि विखुरण यांच्या एकत्रित ओघाइतकी ठेवावी. वरच्या टोकाला संहतीचा उतार शून्य धरावा. खालच्या टोकाला थेट संहतीच ठरवून दिली तर सुरुवातीला विखुरणामुळे ठरल्याहून जास्त मीठ आत ओढले जाते. आपल्या लांब नळीत त्याचा परिणाम नगण्य असतो, पण विखुरण-लांबी नळीच्या एक-दशांशाएवढी झाली की तो आलेखावर स्पष्ट दिसतो.

वहनाचे पद लिहिण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे प्रवाहाच्या मागच्या तुकड्याची संहती वजा करणे. ती कधी डगमगत नाही, म्हणून सगळ्यांना आवडते, आणि म्हणूनच ती फसवते. या पद्धतीत जाळी स्वतःचे पसरणे घालते: वेग गुणिले तुकड्याच्या लांबीचा निम्मा भाग, गुणिले एक वजा कूरांट आकडा. कूरांट आकडा म्हणजे एका पावलात पाणी किती तुकडे ओलांडते ते. आपल्या नळीचे ५० तुकडे केले, म्हणजे एकेक तुकडा १ सेंटिमीटरचा, आणि कूरांट आकडा ०.१ ठेवला, तर जाळीचे विखुरण मिनिटाला ०.१८ वर्ग सेंटिमीटर होते. वाळूचे खरे विखुरण ०.०८ आहे! आलेख मात्र गुळगुळीत आणि पटण्याजोगा दिसतो. अशा मॉडेलमध्ये प्रयोगाचा वक्र जुळवू पाहणारा अभ्यासक विखुरण-लांबी कमी करत शून्यावर आणतो आणि तरीही वक्र पसरटच राहतो.

दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी घेणारी मध्य-अंतर पद्धत हे पसरणे घालत नाही, पण तुकडा विखुरण-लांबीच्या दुपटीहून मोठा असेल तर आघाडीजवळ संहती शून्याखाली आणि एकाच्या वर हेलकावे खाते. म्हणून इथे तुकडा ०.४ सेंटिमीटरहून मोठा नको. ०.२ ठेवावा, म्हणजे २५० तुकडे होतात. वेळेच्या बाबतीतही असेच आहे. जुन्या संहतीवरून सरळ नवी काढणारी पद्धत वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात थोडे विखुरण उलट खाऊन टाकते, आणि ०.१ मिनिटाच्या पावलाला तो घाटा खऱ्या विखुरणाच्या दहा टक्के भरतो. क्रँक-निकोल्सन पद्धतीत जुन्या आणि नव्या वेळेची सरासरी घेतली जात असल्यामुळे हा घाटा उरत नाही. तिच्यात दर पावलाला तीन कर्णांचे समीकरणसंच सोडवावे लागतात, पण आजच्या साध्या लॅपटॉपलाही ते जड नाही.

मॉडेल लिहून झाले की प्रयोगाच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची घाई करू नये. आधी ते गणिती उत्तराशी ताडावे. ओगाटा आणि बँक्स यांनी १९६१ साली दिलेले उत्तर यासाठी उत्तम आहे. त्यात पूरक त्रुटी फलनाची दोन पदे आहेत आणि दुसऱ्या पदाला एका घातांकी राशीने गुणलेले असते. नळीची लांबी भागिले विखुरण-लांबी हा त्या राशीचा घात, आपल्याकडे २५०. हा आकडा ७०० च्या पुढे गेला की संगणकाची मर्यादा ओलांडली जाते आणि उत्तराऐवजी अनंत छापले जाते. त्यासाठी पायथनच्या सायपाय संचातले मापबद्ध पूरक त्रुटी फलन वापरावे. दुसरी तपासणी वस्तुमानाची: आत गेलेले मीठ वजा बाहेर पडलेले मीठ हे नळीत साठलेल्या मिठाइतके असलेच पाहिजे, अगदी दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंत. तिसरी, तुकडे निम्मे करून पुन्हा चालवावे. वक्र हलला तर जाळी अजून बोलते आहे.

नळीतून जमिनीकडे

नळीतली ०.२ सेंटिमीटर ही संख्या घेऊन कोणी शंभर मीटरच्या भूजलाचे मॉडेल केले, तर उत्तर चुकणार हे आधीच सांगता येते. याचा उत्तम नोंदलेला दाखला कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या बोर्डन लष्करी तळावरचा आहे. स्टॅनफर्ड आणि वॉटर्लू विद्यापीठांच्या संशोधकांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तिथल्या वाळूच्या जलधरात (पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या भूस्तरात) १२ घनमीटर पाणी सोडले. त्यात क्लोराइड, ब्रोमाइड आणि पाच सेंद्रिय संयुगे होती. निरनिराळ्या खोलीवरून नमुने घेणाऱ्या नळ्यांच्या दाट जाळ्याने या प्लूमचा, म्हणजे जमिनीत पसरत जाणाऱ्या द्राव्याच्या पट्ट्याचा, दोन वर्षांहून अधिक काळ माग काढला गेला. प्लूमचा मध्य दिवसाला ०.०९१ मीटर सरकला. प्रवाहाच्या दिशेने विखुरण-लांबी ०.३६ मीटर निघाली आणि आडवी ०.०३९ मीटर. बोर्डनची वाळू ही निसर्गात मिळणाऱ्या बऱ्याच एकसारख्या वाळूंपैकी आहे, तरीही तिची विखुरण-लांबी आपल्या नळीच्या सुमारे १८० पट आहे.

फरक कशाने पडला? वाळूचे कण बदलले म्हणून नव्हे, तर जमिनीत पातळ थर असतात म्हणून. एडवर्ड सुडिकी यांनी तिथून काढलेल्या ३२ गाभ्यांचे (जमिनीतून उभे काढलेल्या लांब नमुन्यांचे) बारीक तुकडे करून १,२७९ ठिकाणची जलवाहकता, म्हणजे वाळू पाणी किती सहज जाऊ देते ते, मोजली. ही जलवाहकता आडव्या दिशेत सुमारे २.८ मीटरपर्यंत साधारण सारखी राहते, तर उभ्या दिशेत १२ सेंटिमीटरमध्येच बदलते, असे त्यांना आढळले. एक थर पाणी पुढे काढतो, त्याच्या खालचा मागे ठेवतो आणि सरासरी घेतल्यावर प्लूम लांबट दिसतो. केवळ या मोजमापांवरून त्यांनी काढलेली विखुरण-लांबी ०.६१ मीटर आली, म्हणजे प्लूमवरून मिळालेल्या आकड्याच्याच मापाची. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण विखुरण-लांबी ही आपण मॉडेलमध्ये न घेतलेल्या थरांची मोजणी आहे, हे इथे प्रत्यक्ष आकड्यांत दिसते.

यावरून मॉडेल करणाऱ्याने दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, जेवढे थर मोजलेले आहेत तेवढे मॉडेलमध्ये वेगवेगळे घालावेत आणि विखुरण-लांबी त्या मानाने कमी करावी. तेच थर मॉडेलमध्येही घातले आणि विखुरण-लांबीही मोठी ठेवली, तर एकच पसरणे दोनदा मोजले जाते. दुसरी, प्लूम लांब पसरला म्हणजे पाणी खरोखर मिसळले असे नाही. थरांच्या पातळीवर पाहिले तर जास्त संहतीचे आणि स्वच्छ पाणी शेजारी शेजारी असते आणि ते फक्त कडांवर, हळूहळू मिसळते. दहा मीटर लांब चाळणीच्या (पाणी आत घेणाऱ्या छिद्रांच्या नळीच्या) विहिरीतून काढलेला नमुना ही कडा पुसून टाकतो. जिवाणूंकडून प्रदूषकाचे विघटन किती होईल हे काढायचे असेल, तर ते कडेवरच्या मिसळण्यावर अवलंबून असते. तिथे प्लूमवरून काढलेली मोठी आडवी विखुरण-लांबी वापरली तर विघटन वास्तवाहून कितीतरी जास्त दिसते आणि निर्णय धोक्याच्या बाजूला झुकतो.

शेताच्या किंवा गावाच्या मापासाठी मॉडफ्लो हा भूजलप्रवाहाचा संगणक-प्रोग्राम आणि त्याच्या जोडीची द्राव्यवहनाची प्रणाली वापरावी. नळीसाठी शिकलेला जाळीचा नियम तिथेही तसाच लागू आहे: विखुरण-लांबी ०.३६ मीटर असेल तर प्रवाहाच्या दिशेने जाळीची चौकट ०.७ मीटरहून मोठी नको. संपूर्ण क्षेत्रात ते शक्य नसते, म्हणून प्लूमच्या वाटेवर जाळी बारीक करावी किंवा जाळीचे पसरणे आवरणारी टीव्हीडी पद्धत निवडावी. पन्नास मीटरच्या चौकटींवर अर्ध्या मीटरची विखुरण-लांबी लिहिलेले अहवाल पाहायला मिळतात. तिथे प्लूमचा आकार चौकटींनीच ठरवलेला असतो.

हे समीकरण कुठे लावू नये

नळीचा वक्र ०.९५ पर्यंत झपाट्याने चढून पुढे तासन्तास रेंगाळत असेल, तर काही पाणी कोपऱ्यांत जवळपास स्थिर आहे आणि मीठ त्यात विसरणाने शिरते आहे असे समजावे. त्यासाठी पाण्याचे चल आणि अचल असे दोन भाग करून त्यांच्यात देवाणघेवाणीचा एक दर घालावा लागतो. एकट्या विखुरण-लांबीने हे शेपूट जुळत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कोलंबस हवाई तळावरच्या प्रयोगांत हेच मोठ्या मापावर दिसले. ट्रेसरचा (पाण्याचा माग काढण्यासाठी सोडलेल्या द्राव्याचा) मोठा भाग सोडल्या जागेजवळच अडकून राहिला आणि पातळसा भाग दूरवर पोहोचला.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. तिथे पाणी मुरुमात, सांध्यांत आणि फटींत असते, त्यामुळे वाळूच्या नळीवर बेतलेले हे समीकरण तिथे जसेच्या तसे लागू नाही. फटीतले पाणी काही दिवसांत विहिरीला पोहोचते आणि शेजारच्या झिजलेल्या खडकात शिरलेले द्राव्य वर्षानुवर्षे परत पाझरत राहते. इथे चल-अचल मॉडेलपासूनच सुरुवात करावी. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात सच्छिद्र माध्यमाचे गृहीतक जास्त बसते, मात्र खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, मातीच्या चिकण थरांतले मीठ हाच स्रोत असल्याने ते थर वेगळे दाखवावे लागतात.

बोर्डनच्या सेंद्रिय संयुगांनी आणखी एक धडा दिला. ती वाळूला चिकटत असल्यामुळे क्लोराइडच्या मागे पडली आणि हे मागे पडणे काळानुसार वाढत गेले. म्हणून प्रयोगशाळेत एका दिवसात मोजलेला विलंबांक (द्राव्य पाण्याच्या मानाने किती पट मागे पडते तो आकडा) दीर्घ काळासाठी स्थिर मानू नये.

अहवाल लिहिताना विखुरण-लांबीचा आकडा कधीच एकटा देऊ नये. तिच्या शेजारी ती किती अंतरावरून मोजली, नमुना किती लांबीच्या चाळणीतून घेतला, मॉडेलमध्ये कोणते थर वेगळे धरले, चौकटीचे माप किती होते आणि जाळीचे स्वतःचे विखुरण किती निघाले, हे पाच तपशील त्याच ओळीत द्यावेत.